दहा दिवसांचा पॅक

३ फेब्रुवारी २०११, गुरुवार

पुष्कर जाऊन आज दोन दिवस झाले. शुभदाच्या लेखी तो अजून पर्थच्या इस्पितळात बेशुद्ध आहे.

एकदाचं लिहून टाकलं. तोंडाने अजून कुणापाशी म्हणालेलो नाही. रुचिराचा फोन आला तेव्हा मी नुसतं 'बरं' म्हणालो. 'बाबा, तो ऑफिसमध्येच पडला.' बरं. 'मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले.' बरं. 'इस्पितळात नेईपर्यंत सगळं...' बरं. सून परदेशात एकटी रडतेय आणि सासरा म्हणतो, बरं! चौतीस वर्षांचा मुलगा.

शुभदाच्या थोरल्या भावाला, भाऊसाहेबांना, रुचिराने पुण्याला परस्पर कळवलं होतं. त्यांचा लगेच मला फोन. 'पद्माकरराव, शुभाला अजिबात सांगायचं नाही. सीरियस आहे म्हणा. तुम्ही जाऊन या, उरकून या. तिचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू.' उरकून हा शब्द त्यांचा.

त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिला अटॅक आला. हृदय तीस टक्के चालतंय. बायपास मार्चमध्ये, तोवर अंगात ताकद यायला हवी. डॉक्टर निघताना म्हणाले होते, 'कोई टेन्शन नहीं देना है इनको.' जसं काही टेन्शन घरात मी देतो, वाटीतून!

इथे दिल्लीत रेडिओवर बातम्यांच्या मराठी विभागात बत्तीस वर्षं काढली. एम्बार्गो लावलेली बातमी पुष्कळदा हाताखालून जायची. बातमी खरी, भाषांतर होऊन टेबलावर तयार, फक्त ठरल्या वेळेआधी सोडायची नाही. संध्याकाळी पाचपर्यंत धरा. उद्या सकाळपर्यंत धरा. मार्चपर्यंत धरलेली एकही आठवत नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पूजा केली. शुभदा आजारी पडल्यापासून देवांचं मीच करतो, ती पलंगावरून सूचना देते. 'गंध आधी, मग फूल. उदबत्ती डावीकडे.' सुतकात पूजा करत नाहीत हे मलाही कळतं. पण आज केली नसती तर तिने विचारलं असतं, का नाही केलीत? देवांवर माझा विश्वास कधी नव्हता. आज पहिल्यांदा त्यांची लाज वाटली.

पूजा झाल्यावर ती म्हणाली, 'तुम्ही तिकडे पोचलात की फोन त्याच्या कानाशी धरा. मी बोलेन.'

'शुभदा, तो बेशुद्ध आहे.'

'मीही होते. तुम्ही बाहेर त्या मल्याळी नर्सशी भांडत होतात, ते मी शब्द न् शब्द ऐकलं. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं.'

'काय बोलणार आहेस?'

'ते तुम्हाला कशाला? तुम्ही फक्त फोन धरा.'

आयसीयूत फोन चालत नाही म्हणालो. म्हणाली, 'म्हणून तर रुचिराला सांगत नाही. तिचं धाडस होणार नाही. तुम्ही भांडू शकता.'

छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोने माझ्या भांडखोरपणाचं कौतुक पहिल्यांदा केलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

व्हिसा नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

भाऊसाहेब आले. मी नसताना शुभदापाशी राहणार आहेत. टॅक्सीतून उतरल्यापासून नऊ मजले वर मान करून बघत होते. 'इथे माणसं राहतात की कबुतरं?' शुभदा हसली नाही, पण उशी पाठीशी घेऊन उठून बसली.

मी देवांपुढे दिवा लावताना त्यांनी पाहिलं. मला बाल्कनीत ओढलं आणि दार लोटून घेतलं. खाली मेट्रोच्या स्टेशनाकडे रिक्षांची रांग, समोर तीन टॉवर अर्धे बांधलेले. म्हणाले, 'सुतकात पूजा? पद्माकरराव, काय करताय काय?'

'मग काय करू? तुम्ही सांगा.'

त्यांनी समोरच्या टॉवरवरच्या क्रेनकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, 'करा. पण घंटा तरी वाजवू नका.'

उद्यापासून घंटा नाही.

आत आलो तर शुभदा त्यांना सांगायला लागली. फोन असा हवा, तसा हवा, माझा फोन तिकडे थेट लागला पाहिजे. भाऊसाहेब म्हणाले, 'परदेशात इनकमिंग फार महाग असतं गं.'

'महाग म्हणजे किती महाग, दादा? पुष्करपेक्षा?'

भाऊसाहेब हात धुवायला गेले. नळ पुष्कळ वेळ चालू होता.

८ फेब्रुवारी, मंगळवार

एक उपाय सुचलाय. ज्यात तिचा फोन येऊच शकणार नाही असा प्लॅन घ्यायचा. सगळी दुनिया चांगला प्लॅन शोधते, मला वाईटातला वाईट हवाय. पोचल्यावर मी तिला दोन ओळींचा एसएमएस करीन. 'प्रकृती स्थिर. काळजी नको.' स्थिर! खोटंही म्हणता येणार नाही.

मोबाइल कंपनीच्या नंबरावर फोन केला. पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक मुलगी म्हणाली, 'सर, आमचा माणूस उद्या घरी येईल, कागदपत्रं तिथेच घेईल.' म्हणालो, घरी नको, मीच दुकानात येतो. 'नाही सर, सीनियर सिटिझनसाठी घरपोच सेवा आहे.' एवढा मान यापूर्वी कुणी दिला नव्हता.

रुचिराचा फोन दुपारी आला तेव्हा मी खाली फेरी मारत होतो. बरं झालं. 'बाबा, हे मला जमत नाही. आई रोज विचारतात, ताप उतरला का, डोळे उघडले का. मी बाथरूममध्ये जाऊन बोलते.' तिकडच्या शवागारातल्या लोकांकडून मुदत वाढवून तिने त्याला थांबवून ठेवलंय. माझ्यासाठी. अठरा तारखेपुढे नाही म्हणाले. अठराला सकाळी अकराची दहनाची वेळ दिली आहे. पंचेचाळीस मिनिटं.

जन्मभर डेडलाइनवर जगलो. ही अशी असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचा माणूस आला आणि दारातच म्हणाला, 'पद्माकर सर? अरे सर, पहचाना नहीं? श्याम! आर. के. पुरम, सेक्टर चार!'

श्याम! बाजारात डेअरीशेजारी त्याचं एसटीडीचं बूथ होतं. पिवळी पाटी, काचेची खोली, आत पंखा नाही. आता पन्नाशी उलटलेली, डोकं पांढरं, गळ्यात कंपनीचा पट्टा, पाठीवर सॅक. 'मोबाइल ने हमको खा लिया सर, तो हम मोबाइल को खा रहे हैं.' रोज मानेसरपासून द्वारकेपर्यंत दारं वाजवतो.

शुभदाने ओळखलं. उठून खुर्चीवर येऊन बसली, भाऊसाहेबांना चहा टाकायला लावला. श्यामने विचारायचं तेच विचारलं.

'और हमारे पुष्कर बाबू कैसे हैं?'

मी बोलायच्या आत शुभदा म्हणाली, 'बीमार है. ये जा रहे हैं ना उसके पास.'

'अरे! ठीक हो जाएँगे माताजी, बिल्कुल ठीक हो जाएँगे. पुष्कर बाबू तो हमारे बूथ के जमाई थे! रात को रेट आधा हुआ नहीं कि हाजिर. पुणे फोन लगाते थे, रुचिरा मैडम को. घर पे फोन था, फिर भी हमारे यहाँ! बाहर लाइन लगी है और अंदर ये. मैं काँच ठोकता तो दो उँगली दिखाते, दो मिनट. वो दो मिनट आधा घंटा चलते थे.'

शुभदा हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. 'म्हणून दूध आणायला एवढा वेळ लागायचा होय! आणि मला सांगायचा, डेअरीत गर्दी होती.' हसता हसता तिला धाप लागली. मी पाणी दिलं. मला ते हसू बघवेना.

मग श्यामने माहितीपत्रकं पसरली. मी म्हणालो, साधासा काहीतरी द्या, इनकमिंगची गरज नाही. तो दुखावलाच. 'सर, आपको लूटने थोड़े ही दूँगा!' एक परदेशी सिम आहे, इथूनच भाड्याने मिळतं, तिकडे इनकमिंग पूर्ण फुकट. माताजी दिवसभर बोलल्या तरी तुम्हाला एक पैसा नाही. नको म्हणालो. कारण सुचेना म्हणून म्हणालो, नंबर बदलतो, मला माझाच नंबर हवा. मग म्हणाला, आपल्याच नंबरावर पॅक देतो, त्यातही इनकमिंगची मिनिटं आहेत. अजून थोडे टाकलेत तर दुप्पट मिनिटं. एकेक वाट मी बुजवायची आणि त्याने दुसरी उघडायची. आणि हे सगळं आमच्यावरच्या प्रेमापोटी! शुभदा लक्ष देऊन ऐकत होती. भाऊसाहेब स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभे.

'अच्छा, ये बताइए, कितने दिन?'

'दस दिन,' मी म्हणालो.

चटकन म्हणालो. पोचायचं सोळाला, अठराला ते, मग पाच-सहा दिवस रुचिराची आवराआवर, पंचविसाला परत. सगळं डोक्यात मांडून तयार होतं. नेमकी वेळ सांगायची सवय. आमचं बातमीपत्र दहा मिनिटांचं असायचं, नऊ पंचावन्नही नाही आणि दहा पाचही नाही.

'दस दिन का पॅक है सर, एकदम फिट!' श्याम खूश झाला. फॉर्मवर लिहिलं. शुभदा चहा ढवळत होती. तिला साखर बंद आहे. ढवळत राहिली. मग कप तसाच ठेवून, पाठ टेकते म्हणून आत गेली. दमली असणार.

श्यामला सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. तिथे विचारलं, परदेशात असताना इनकमिंग बंद करता येतं का?

'होता है सर. पर वो तो लोग ऑफिस से बचने के लिए करवाते हैं.' मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. 'माताजी का फोन नहीं उठाना चाहते आप?'

लिफ्ट आली, उघडली, मिटली, गेली. मी म्हणालो, 'श्याम, पुष्कर नहीं रहा.'

तोंडाने पहिल्यांदा म्हणालो, आणि हिंदीत. बत्तीस वर्षं लोकांची मरणं मराठीत आणली. हे एक वाक्य मात्र मराठीत येत नाही.

श्यामने सॅक खाली ठेवली. माझे दोन्ही हात धरले.  लिफ्ट पुन्हा आली तेव्हा एवढंच म्हणाला, 'ठीक है सर. कर दूँगा.'

१० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी समई पुसायला घेतली तर शुभदा म्हणाली, 'आजपासून पूजा राहू द्या. तुम्हाला जायचंय, गडबड आहे. मी बरी झाले की बघेन.'

सुटलो! रोज सकाळी त्या फोटोंसमोर खोटं बसणं तरी संपलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. देवानेच सोडवलं म्हणाले. त्यांच्या देवाचं मला काही सांगता येत नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिसा नाही. आज दोनदा त्यांच्या साइटवर पाहिलं. 'प्रक्रिया सुरू आहे.'

१२ फेब्रुवारी, शनिवार

फोन कानाशी धरायचं शुभदा पुन्हा बोललेली नाही. तीन दिवस झाले. मी प्रश्नाची वाट बघत बसतो आणि प्रश्न येत नाही. विसरली नसणार. कदाचित दमली आशा करून. आशा करायलाही ताकद लागते, तीस टक्क्यांत कुठून आणणार.

रुचिराही आज तेच म्हणाली. 'बाबा, आई हल्ली त्याचं काहीच विचारत नाहीत. तू जेवलीस का, झोपलीस का, सोबत कोण आहे, एवढंच. आज म्हणाल्या, रात्री एकटी राहू नकोस, कुणाला तरी बोलाव.' रुचिराला हे जास्त जड जातंय. ताप उतरला का विचारायच्या तेव्हा निदान खोटं बोलायला काहीतरी होतं, म्हणते.

तिला तोडून टाकणारं वाक्य टाळत टाळत आपण सगळे तिच्याभोवती फिरतोय आणि ती मधे पलंगावर भिंतीकडे तोंड करून. हे मार्चपर्यंत? आणि मार्चनंतर काय, ऑपरेशनच्या टाक्यांवर सांगायचं? भाऊसाहेबांना विचारलं. म्हणाले, 'मग पुढचं पुढे.' त्यांचं पुढचं पुढे असंच सरकत जाईल, तो बरा झाला म्हणून सांगत राहू, आणि एक दिवस ती पुष्करला शिव्या देईल, बापासारखाच निघाला, आईला एक फोन करत नाही. आणि मी ऐकून घेईन.

 

१४ फेब्रुवारी, सोमवार

व्हिसा आला. उद्या संध्याकाळचं विमान, सिंगापूरमार्गे.

श्यामचा फोन आला. पॅक सोळा तारखेपासून चालू होईल. 'और वो दूसरा काम, सर...' म्हणाला आणि थांबला. मी म्हणालो, करून टाका. तो म्हणाला, 'जी.'

शुभदाने बॅग भरली. नको म्हटलं तरी खुर्ची ओढून बसून भरली. 'तिकडे आता उन्हाळा ना?' एवढंच विचारलं. वरच्या कप्प्यात औषधं. तळाशी पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा, इस्त्री केलेला. मी दिल्लीत कधी घातला नाही तो. उन्हाळा म्हणून असेल.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

टॅक्सी चारला येईल. ही वही बरोबर नेतोय, घरात ठेवून चालणार नाही.

निघताना तिला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. 'बघतो त्याला आणि कळवतो.' साधं वाक्य, सगळं खरं. पण तिनेच माझ्या तोंडावर हात ठेवला. 'काही सांगू नका. आधी पोचा.' मग हातावर दही घातलं नाही. आम्ही कुठेही निघालो की घालायची. परीक्षेला, इंटरव्ह्यूला, पुष्कर पहिल्यांदा तिकडे निघाला तेव्हा विमानतळावर डब्यातून आणलं होतं. आज नाही घातलं. मीही मागितलं नाही.

भाऊसाहेब दारात म्हणाले, 'निश्चिंत जा.' काय बोलतात माणसं!

१६ फेब्रुवारी, बुधवार. पर्थ

सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून फोन चालू केला. पाच मिनिटांत वाजला. श्यामने इनकमिंग बंद केलंच नव्हतं.

'पोचलात?'

'पोचलो. आता इथून सरळ इस्पितळातच...'

'अहो, फोन त्याच्या कानाशी नका धरू. तुमच्याच कानाशी असू द्या.'

मी पट्ट्यापासून बाजूला झालो. तीच बोलली. 'श्यामला दहा दिवस म्हणालात. आजारी मुलाकडे निघालेला बाप परतीचा दिवस सांगतो होय? दुसऱ्या दिवसापासून देवापुढे दिवा लावू दिला नाही तुम्हाला. तेही तुमच्या लक्षात आलं नाही.'

'शुभदा,' मी म्हणालो, 'पुष्कर गेला.'

'बरं,' ती म्हणाली.

फोन कुणीच ठेवला नाही. मिनिटं चालू होती. चालू राहू दिली.